जगन्नाथरावांच्या शेजारची जागा

बन्नूरची बस सुटता सुटता तुंगानं पकडली. छत्री नीट मिटायलाही वेळ मिळाला नाही. बाहेर आषाढातली भुरभुर चालू होती. म्हैसूरचे लोक या पावसाला 'सोने मळे' म्हणतात. तो भिजवत नाही. नुसता केसांवर, पापण्यांवर येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.

बस भरली होती. तिघांच्या एका बाकावर कडेला वीतभर जागा दिसत होती, तेवढीच. खिडकीशी रेनकोट आणि कानटोपी घातलेले एक गृहस्थ बाहेर बघत बसले होते. मधे एक तरुण होता, मांडीवर मोठी पिशवी घेऊन.

"स्वल्प जरुगी, सार," तुंगा त्या गृहस्थांना म्हणाली. थोडं सरका म्हणून.

गृहस्थ हलले नाहीत.

"सार... स्वल्प!"

मानसुद्धा वळली नाही.

"काय माणूस आहे!" तुंगा मराठीत पुटपुटली. "कानात बोळे घातलेत की काय..."

मधल्या तरुणानं चमकून वर पाहिलं. मग खिडकीकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, तोही मराठीतच बोलला. "जगन्नाथराव, बाई काय म्हणतात ऐकलं नाही? सरका की." आणि त्यानं त्या गृहस्थांना काखेत धरून उचललं आणि खिडकीच्या गजांना टेकवून ठेवलं.

तुंगा किंचाळायची तेवढी राहिली. जगन्नाथरावांना कमरेखाली काहीच नव्हतं.

"घाबरू नका, रबराचे आहेत," तो म्हणाला. "मी कारखान्यांतून प्रथमोपचार शिकवतो. कुणाचं हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते लोक यांच्यावर शिकतात. बसा. आता भरपूर जागा झाली."

तुंगा बसली. हृदय तिचंच धडधडत होतं.

"पण... रेनकोट कशाला?"

"मागच्या वेळी तसाच नेला, तर एका अज्जीनं मला पोलिसांत द्यायचं काढलं."

"आणि जगन्नाथराव?"

"ते बाबांनी ठेवलं. शिंपी आहेत ते. म्हणतात, एवढ्या वर्षांत मी शिवलेला शर्ट घालून तक्रार न करणारं गिऱ्हाईक हे एकच भेटलं. मग मानानं हाक मारायला नको?"

तुंगाला हसू आलं. ती मोठ्यानं हसली, आणि मग छत्रीचं पाणी झटकायचं निमित्त करून तिनं तोंड फिरवलं.

कंडक्टर आला. "मूवरू ओट्टिगेना?" तिघं एकत्र का, असं त्याचं विचारणं.

"नाही, नाही," तुंगा घाईघाईनं म्हणाली. "माझं वेगळं."

तिच्या घाईला कारण होतं. कारखान्यात कुणाला कापलं, भाजलं, कुणी कोसळलं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे ठाऊक असलेलं माणूस तिथं हजर लागतं. अशी माणसं तयार करणाऱ्या केंद्रांना कारखाने खात्याची मान्यता घ्यावी लागते. आणि ती केंद्रं खरोखर शिकवतात, की बिस्किटं खाऊ घालून प्रमाणपत्रं वाटतात, हे न सांगता जाऊन पाहणं हे तुंगाचं काम होतं. आज ती बन्नूरच्या एका भाताच्या गिरणीत चालली होती, शेषगिरी नावाच्या प्रशिक्षकाचा वर्ग पाहायला. अर्धा माणूस घेऊन बन्नूरला निघालेला दुसरा कोण असणार?

पण न सांगता जायचं, म्हणजे बसमध्येही सांगायचं नाही.

"तुम्ही बन्नूरला कशा?" त्यानं विचारलं.

"कामाला. तपासायचं काम असतं माझं."

"पेपर?"

"तसंच काहीतरी."

"मग नापासही करत असाल."

"चुकलं तर करते."

"अय्यो!" त्यानं जगन्नाथरावांची कानटोपी नीट केली. "आमच्यावरही तपासणीवाले असतात की. पण ते कुठले या पावसात बन्नूरला येतात? तिकडं म्हैसूरला फॅनखाली बसून सही ठोकत असतील."

तुंगा खिडकीबाहेर बघू लागली. मधे जगन्नाथराव होते, त्यांच्या पलीकडे ओला ऊस.

"हौदा?" असं होय, ती इतकंच म्हणाली.

*

गिरणीत वर्ग सुरू व्हायच्या आधी मालकानं ओळख करून दिली, "ह्या खात्याच्या मॅडम." तेव्हा शेषगिरीच्या हातातून पट्ट्यांचा गठ्ठा खाली पडला. तो उचलताना त्याचे कान लाल झालेले तुंगाला दिसले.

"बसमध्ये सांगितलं असतंत तर..."

"तर फॅनचं कळलं नसतं मला," तुंगा म्हणाली.

वर्ग मात्र चांगला होता. भाजल्यावर वाहतं पाणी, नाकातून रक्त आलं तर मान मागे न टाकता पुढे झुकवायची, सगळं तो प्रत्येकाकडून करून घेत होता. कुणी चुकलं तर हसायचा नाही. "पुन्हा करू," एवढंच म्हणायचा.

मग जगन्नाथराव आले. छाती पुरेशी खोल दाबली गेली की त्यांच्यातून 'टक्' असा आवाज यायचा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं, हे सांगून झाल्यावर शेषगिरीनं पिशवीतून चक्क टाळ काढले.

"आकडे मोजत बसलात तर भांबावाल. माणूस समोर पडलेला असतो, आकडे कुठले आठवायला? देवाचं नाव आठवेल. म्हणा, विठ्ठल, विठ्ठल."

विठ्ठल कन्नड माणसांचाही होताच. गिरणी एका सुरात म्हणू लागली. ज्यांना ते म्हणायचं नव्हतं ते हाताला हात मारून साथ देत होते. शेषगिरीचे टाळ वाजत होते आणि जगन्नाथराव टक्, टक् बोलत होते. तुंगानं घड्याळ लावून पाहिलं. अगदी बरोबर.

वर्ग संपल्यावर त्यानं पिशवीतून थर्मास काढला. "आईनं दिलीय. फिल्टरची आहे."

वासानं तुंगाला घर आठवलं. तरी ती म्हणाली, "नको. ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडचं काही घ्यायचं नाही. नियम आहे."

"कॉफीसुद्धा?"

"कॉफीच आधी."

परतीच्या बसमध्ये ती मुद्दाम पुढच्या बाकावर बसली. थोड्या वेळानं मागून आवाज आला. "जगन्नाथराव, बघा. आपल्याला वाळीत टाकलं."

तुंगानं मागं वळून पाहिलं नाही. पण खिडकीच्या ओल्या काचेत तिचं हसू त्याला दिसत होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

*

त्यानंतर शेषगिरीची खात्यात बरीच कामं निघू लागली. मान्यतेची मुदत संपत आली होती, नव्यानं अर्ज करायचा होता. पण एक कागद द्यायला दोनदा येणं आणि दोन्ही वेळा जिन्यात तुंगाला भेटणं, हे काही अर्जात सांगितलेलं नव्हतं.

"आज कॉफी?"

"नाही."

"नियम बदलला का, ते बघायला आलो होतो."

"बदलला की कळवू आम्ही."

आणि दोघं आपापल्या वाटेनं जायची. फक्त तुंगाच्या पायऱ्या हल्ली जरा सावकाश उतरून व्हायच्या.

श्रावणातल्या एकादशीला आई वेदवतीबाईंबरोबर ती विठ्ठलाच्या देवळात गेली. हे देऊळ शिंपी समाजाचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसुरात येऊन राहिलेली ही माणसं. बोलताना निम्मं कन्नड येतं, भजन मात्र मराठीच. समोर शेषगिरी टाळ घेऊन उभा होता. शेजारी त्याचे वडील, रंगराव. भजन संथ सुरू झालं. मग हळूहळू लय चढू लागली. टाळ जवळजवळ येऊ लागले, माना डोलू लागल्या, आणि शेवटच्या गजराला तर देऊळ नुसतं दणाणत होतं. वेदवतीबाईसुद्धा टाळ्या पिटत होत्या. तुंगाचे तळहात लाल झाले. गजर एकदम थांबला, आणि त्या शांततेत शेषगिरीची आणि तिची नजर एक झाली. दोघांनाही धाप लागलेली होती...

देवळाच्या पायरीवर चपला घालताना तिनं विचारलं, "तुम्ही शिंपीकाम सोडून यात कसे आलात?"

त्यानं टाळ पिशवीत ठेवले. "गारमेंटच्या कारखान्यात कापड कापायचं काम करत होतो मी. तिथं आमचे मास्तर एकदा कापताकापता पडले. आम्ही सगळ्यांनी काय केलं माहीत आहे? तोंडावर पाणी मारलं. कांदा हुंगवला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कांदाच हुंगवत बसलो." पाऊस पायरीवर बारीक बारीक पडत होता. "नंतर डॉक्टर म्हणाले, कुणी छाती दाबत राहिलं असतं तर कदाचित... ते 'कदाचित' काही माझ्या डोक्यातून जाईना."

तुंगानं आपली छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली. नियम कॉफीचा होता, छत्रीचा नव्हता.

*

मान्यता नव्यानं द्यायच्या आधी जुने विद्यार्थी तपासायचे असतात. शिकल्याला काही महिने झाल्यावर त्यांना काय आठवतं, हे पाहायचं असतं. तुंगा त्यासाठी हिनकलच्या एका गारमेंटमध्ये गेली. शिक्षक नसेल तेव्हाच शिकवणं कळतं, असं तिचे वरिष्ठ दामोदरराव नेहमी म्हणत. म्हणून शेषगिरीला बोलावलेलं नव्हतं, आणि बाहुलाही खात्याचाच होता.

वनजा म्हणून तिथली सुपरवायझर पुढं आली. पदर खोचला, गुडघ्यांवर बसली, हात बरोबर जागी ठेवले. ओठ हलू लागले. विठ्ठल, विठ्ठल. टक्, टक्, टक्. तुंगा मनातल्या मनात खूश झाली.

आणि मग...

वनजाचे हात भरभर चालू लागले. अजून भरभर. तिनं डोळे मिटले होते, मान डोलू लागली होती. छाती वर यायच्या आत ती पुन्हा दाबत होती. होता होता 'टक्' आवाजच येईनासा झाला.

दुसरी आली. तसंच. तिसरी आली. सुरुवात नेमकी, शेवट सुसाट.

तुंगाला आपले लाल तळहात आठवले. तिला सगळं कळलं. वर्गात शेषगिरी स्वतः टाळ वाजवून लय धरून ठेवायचा. तो नसला की बायकांच्या ओठांवर फक्त नाव उरायचं. आणि विठ्ठलाचं नाव एकदा ओठांवर घेतलं, की ते एकाच लयीत राहणार कसं? ते चढणारच. गजर चढतो तसं.

छाती नुसती दाबून भागत नाही. ती पुरती वर येऊ द्यावी लागते. तेवढ्या वेळात हृदयात रक्त भरतं. घाई केली तर माणूस रिकामं हृदय दाबत राहतो.

ऑफिसात दामोदरराव लेकीला हाक मारावी तसं म्हणाले, "सुरुवात बरोबर होती ना? मग पास कर की, मगळे. बाकीची केंद्रं बघितलीस ना? कोपरात वाकून दाबतात. त्यांच्यापेक्षा हा किती बरा."

"बरा आहे, सर."

"मग?"

"पण ॲम्ब्युलन्स सुरुवातीला येत नाही. उशिरानंच येते."

दामोदररावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "लिही मग. सगळ्या विद्यार्थ्यांना पुन्हा शिकवून होईपर्यंत मान्यता थांबव."

तुंगानं लिहिलं. लिहिताना तिला देवळाची पायरी दिसत होती, आणि ते 'कदाचित'. मान्यता नसेल तर एकही कारखाना त्याला दारात उभं करणार नव्हता. आणि कदाचित तोही आता जिन्यात कधी उभा राहणार नव्हता.

*

पत्र टपालानं जाणारच होतं. तरी त्याआधी तुंगा स्वतः रंगरावांच्या दुकानात गेली. रंगराव पायाच्या मशीनवर पडदे शिवत होते. कोपऱ्यात जगन्नाथराव नवा चौकड्यांचा शर्ट घालून बसले होते.

"या, या, बन्नी!" रंगराव म्हणाले. "शेषू, मॅडम आल्यात बघ."

शेषगिरी हसत बाहेर आला. तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

"नापास?"

"सध्या मान्यता थांबवलीय. पत्र येईल. पण पत्रात कारण एका ओळीचं असेल. ते मला तोंडानं सांगायचं होतं."

आणि तिनं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा जबडा घट्ट होत गेला.

"म्हणजे विठ्ठलाच्या नावाला नापास केलंत तुम्ही."

"विठ्ठलाला नाही. तुम्हाला."

"माझ्या वर्गात बघितलंत ना तुम्ही स्वतः? घड्याळ लावून?"

"बघितलं. तेव्हा टाळ तुमच्या हातात होते. हिनकलला कुणाच्या हातात होते?"

मशीन थांबलं. रंगराव उठले, धोतर सावरून जगन्नाथरावांपुढं बसले. "भांडू नका. मी करून बघतो. मलाही शिकवलंय यानं." त्यांनी हात टेकवले, डोळे मिटले आणि नाव घ्यायला सुरुवात केली. टक्. टक्. टक्. कसं छान चाललं होतं. मग मान डोलली. टक्, टक्, टक्टक्टक्... रंगराव आता देवळातच होते. घाम आला, सूर चढला, हात नुसते थरथरल्यासारखे चालू लागले, आणि जगन्नाथराव गप्प झाले.

रंगरावांनी डोळे उघडले. "अरे... हा बोलायचा थांबला."

शेषगिरी खाली स्टुलावर बसला. त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं.

"एवढ्या लोकांना शिकवलं मी हे," तो म्हणाला. राग कुठल्या कुठं गेला होता. "कुणाला... कुणाला गरज पडली नाही ना अजून?"

"नाही. मी सगळीकडे फोन करून विचारलं. पहिलं तेच विचारलं."

त्यानं वर पाहिलं. असं कुणी आधीच विचारून ठेवलं असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"गजर चढायचाच, शेषू," रंगराव मशीनवर परत बसत म्हणाले. "न चढला तर तो गजर कसला? तुझंच चुकलं. देवाला कामाला लावलंस." आणि ते पडदा शिवू लागले.

बाहेर पाऊस, आत मशीन. लांबच्या लांब सरळ शिवण. खट्, खट्, खट्. तुंगाचं लक्ष सहज आपल्या घड्याळाकडे गेलं. सवयच तिची. मग ती ताठ झाली.

"थांबू नका," ती म्हणाली. "तसंच चालू द्या."

"एनु? काय झालं?"

"बाबा, थांबू नका!" हे शेषगिरी ओरडला. त्यालाही कळलं होतं. तो उडी मारून जगन्नाथरावांपाशी गेला आणि मशीनच्या पायाबरोबर दाबू लागला. खट्-टक्. खट्-टक्. तुंगा घड्याळ बघत होती, मिनिटाला एकशेदहा. पडदा अर्धा झाला, पाऊण झाला. पाय ना पळाला, ना रेंगाळला.

"लांब शिवणीला पाय पळवून कसं चालेल?" रंगराव म्हणाले. "टाके उडतील की."

"गारमेंटच्या निम्म्या बायकांच्या घरी हेच मशीन आहे," शेषगिरी धापा टाकत म्हणाला. "त्यांना वेगळं शिकवायलाच नको. आणि बाकीच्यांना हा आवाज ऐकवीन. फोनवर घेतो. बाबा, दुसरा पडदा घ्या!"

तो हसत होता. कपाळावरचे केस घामानं चिकटले होते. तुंगाही हसत होती, आणि मग तिच्या लक्षात आलं, की पडदा जमिनीला लागू नये म्हणून त्याचं दुसरं टोक मघापासून आपणच हातात धरून उभ्या आहोत.

तिनं ते टोक हळूच मशीनवर ठेवलं.

आतून शेषगिरीच्या आई मालतीबाई कॉफीचे पेले घेऊन आल्या. तुंगानं मान हलवली. "आज नको," ती म्हणाली. मग स्वतःलाच ऐकू आल्यासारखी थबकली. नेहमी ती नुसतं 'नको' म्हणायची.

*

दुसऱ्या दिवशी ती दामोदररावांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सर, शेषगिरींचं केंद्र दुसऱ्या कुणाकडे द्या."

"का? त्रास देतो?"

"नाही. चूक सुधारायला मी मदत केली."

"मग चांगलंच केलंस."

"आणि..." ती खिडकीकडे बघू लागली. "पुढच्या तपासणीत ते पास व्हावेत असं मला वाटतंय, सर. फार वाटतंय."

दामोदररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हौदा?"

"हो."

"मग तू नकोच. मी जाईन."

शेषगिरी दोन महिने कारखाने पालथे घालत होता. आधी मोफत शिकवलेल्यांनासुद्धा त्यानं सोडलं नाही. खात्याच्या जिन्यात तो एकदाही दिसला नाही. एकदा फक्त हिनकलहून येताना तुंगाच्या बससमोरून एक मोटरसायकल गेली, मागं रेनकोट घातलेले एक गृहस्थ बांधलेले होते. तिनं हात वर केला. मोटरसायकल पुढं गेली होती.

तपासणीच्या दिवशी दामोदरराव हिनकलला गेले आणि तुंगा ऑफिसात बसून एकच पान उलटत राहिली. ते परत आले. छत्री खुंटीला लावली. रुमालानं मान पुसली. पाणी प्याले.

"सर...?"

"कंटाळा आला गं," ते म्हणाले. "एकजात सगळ्या एका चालीनं दाबतात. मी दमलो बघून, त्या दमेनात. त्या वनजाला मी म्हटलं, पुरे. तर म्हणते, ॲम्ब्युलन्स आल्याशिवाय थांबायचं नाही, असं सरांनी सांगितलंय."

तुंगानं पान मिटलं. डोळ्यांत आलेलं पाणी लपवायला तिनं उगाच खण उघडला.

"मान्यता दिली मी," दामोदरराव म्हणाले. "आणि उद्या बन्नूरला जायचंय तुला. गुऱ्हाळातली भट्टी बघायला. बस सकाळची आहे."

*

बसमध्ये चढताच तिला कानटोपी दिसली. खिडकीशी जगन्नाथराव, मधे शेषगिरी, कडेला वीतभर जागा. भात कापायला आलं होतं, आणि तरीही कुठूनसा चुकार भुरभुर पाऊस आला होता.

ती जाऊन बसली.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"हं." तो समोर बघत होता. "हिनकलला तुम्ही याल असं वाटलं होतं. मी फाटकापाशी उभा होतो. मोठे साहेब उतरले... मला वाटलं, तुम्हाला आता माझं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"नियम आहे."

"तुमचे नियम संपतात तरी कधी?"

तुंगानं छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "ज्याच्याबद्दल आपलं मन आधीच ठरलेलं असतं," ती सावकाश म्हणाली, "त्याला तपासायला जायचं नसतं. म्हणून मीच सांगितलं साहेबांना. तुमचं केंद्र माझ्याकडून काढून घ्या म्हणून."

बस एका खड्ड्यातून गेली. जगन्नाथराव डुलले. शेषगिरीनं त्यांना सावरलं नाही.

"मन... काय ठरलंय?"

"ते मी देवळाच्या पायरीवरच सांगितलं असतं," तुंगा म्हणाली. "पण तेव्हा तुमचा अर्ज माझ्या टेबलावर होता. आता नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला आवडता, शेषगिरी. पास झालात म्हणून नाही. त्या दिवशी नापास झाल्यावर तुम्ही पहिलं जे विचारलंत ना... त्यासाठी."

त्यानं पिशवीत हात घातला, थर्मास बाहेर काढला, आणि सवयीनं परत आत ठेवू लागला. तुंगानं त्याच्या हातातून तो घेतला. झाकणात कॉफी ओतली. बस हलत होती, थोडी सांडली. ती सावकाश एकेक घोट घेत राहिली, आणि तो नुसता बघत राहिला.

"कशी आहे?"

"गार झालीय," ती म्हणाली. "छान आहे."

"मीही..." तो म्हणाला, आणि अडखळला. वर्गभर माणसांना न अडखळता शिकवणारा. "पहिल्याच दिवशी. काचेत हसलात तेव्हा. मागच्या बाकावरून दिसत होतं मला सगळं."

आता तुंगाचे कान लाल झाले.

"घरी काय म्हणतील?" त्यानं जरा वेळानं विचारलं.

"आईला सांगितलंय. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी विचारलं, त्यांच्याकडे ब्लाउज वेळेवर मिळतात का?"

शेषगिरी मनापासून हसला. "बाबांना सांगतो. पण खोटं आश्वासन नको. सणासुदीला उशीर होणारच."

"आणि मला खिडकीशी बसायला आवडतं," तुंगा म्हणाली. "जगन्नाथरावांना सांगता का?"

तो उठला. "जगन्नाथराव, ऐकलंत ना? स्वल्प जरुगी." त्यानं त्यांना उचलून कडेच्या जागेवर आणलं आणि पट्ट्यानं बाकाला बांधलं. तुंगा आत सरकली. बाहेर कापणीला आलेलं पिवळं भात होतं आणि त्यावर तो बारीक, उठायचं नाव न घेणारा पाऊस. गजावर ठेवलेल्या तिच्या हाताशेजारी त्याचा हात आला. घाई न करता.

कंडक्टर आला. कानटोपीच्या गृहस्थांकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"मूवरू ओट्टिगेना?"

शेषगिरीनं तुंगाकडे पाहिलं.

"ओट्टिगे," तुंगा म्हणाली. एकत्र.